मामाच्या हातचा घास

प्रिय छोडदा,

आमंत्रणपत्रिका एव्हाना तुझ्या हातात पडली असेल. गुलाबी कागद, वर सोनेरी मासा, आणि आतला मजकूर आमच्या तातानच्या तोंडी घातलेला. आता मी मोठा झालो, मामाच्या हातानं, म्हणजे तुझ्या हातानं, भात खाणार, तुम्ही सगळे नक्की या, वगैरे. हे लिहिलं जेठूंनी, म्हणजे प्रसूनच्या मोठ्या काकांनी, आणि छापून आल्यावर साऱ्या घराला मोठ्यानं वाचूनही दाखवलं. सगळे पोट धरून हसले. मी आतल्या खोलीत तातानला चमच्यानं दूध पाजत होते. एक चमचा पाजायचा, थांबायचं, त्याचा श्वास जागेवर आला की दुसरा. निम्मं दूध नाकातून बाहेर येतं. आणि हे पोरगं म्हणे अख्ख्या कृष्णनगरला जेवायला बोलावतंय. मला त्या पत्रिकेची इतकी किळस आली की मी तिला अजून हात लावलेला नाही.

फोनवर यातलं काही बोलता येत नाही. तुझा फोन आला की जेठूंच्या पत्नी, जेठीमा, सुनेला हुकूम सोडतात, स्पीकर लाव गं बउमा, मलाही दोन शब्द बोलू दे. म्हणून तू विचारतोस तेव्हा मी छान आहे, छान आहे म्हणते. छान काही नाही. तातान दोन महिने आधी आला, हे तुला माहीत आहे. काचेच्या पेटीतून घरी आला, मग छातीत दूध गेलं म्हणून परत दवाखान्यात गेला, तेही माहीत आहे. त्याची मान अजून धरत नाही. वजन एका आठवड्यात थोडं चढतं आणि पुढच्या आठवड्यात सर्दीनं उतरतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला सांगितलंय. हे सगळं मला झेपतं. मला न झेपणारी आहेत ती माणसं.

रोज संध्याकाळी कुणीतरी बघायला येतं. झबलं वर करतात, मांडी चिमटीत धरून मांस शोधतात. मासळी निवडलेले हात, तोंडात जर्दापान, आणि त्याच तोंडानं गालाचा मुका. एकीनं रसगुल्ला खाऊन पाकाचं बोट त्याच्या ओठांना पुसलं. मी हात धरला तर म्हणाली, अगं, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? जेठीमांनी त्याचं नाव फोडिंग ठेवलंय. नाकतोडा. आता सगळी गल्ली त्याच नावानं हाक मारते आणि वर म्हणते, लाडानं म्हणतो गं. परवा तर शेजारच्या शिखाचा मुलगा आणून तातानच्या शेजारी निजवला. त्याच महिन्यातला, लोण्याचा गोळा नुसता. दोघांचा फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. एक काकू खाली लिहितात, डाव्या बाजूचं ते काय आहे? त्याच्याखाली हसणारी तोंडं. बाप असून प्रसूननंसुद्धा एक टाकलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, सगळे हसत होते, मी एकटा काय करणार.

उष्टावणाचं तर मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, याचं वय जन्मापासून मोजू नका, जेव्हा यायला हवा होता तेव्हापासून मोजा. म्हणजे सहा महिने पंचांगाचे झाले, पोराचे चारच. त्याला घट्ट काही गिळताच येत नाही, घास सरळ श्वासनळीत जाईल. जेठीमा म्हणाल्या, मग वाढदिवसही डॉक्टरला विचारूनच करायचा का? मुलाचं उष्टावण सम महिन्यातच, म्हणून मी आठवा म्हटलं, तर म्हणाल्या, तो चैत्रात येतो, आणि वर्षाच्या त्या शेवटच्या, अशुभ महिन्यात आपल्याकडे कोण शुभकार्य करतं? दहाव्यात करू म्हटलं, तर जेठूंनी चष्मा काढला. दहाव्या महिन्यात भात म्हणजे पोरात काहीतरी खोट आहे असा डंका पिटायचा, असं म्हणाले. त्यांना भीती डंक्याची आहे. पोराच्या श्वासाचं कुणाला काही नाही.

काल दुपारी मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर तातान जेठीमांच्या मांडीवर, आणि त्यांचं बोट त्याच्या तोंडात. पायेशमधलं, तांदळाच्या खिरीतलं, शीत कुस्करून देत होत्या. सवय लावतेय, म्हणाल्या, त्या दिवशी चारचौघांत थुंकायला नको. तोवर तो निळा पडायला लागला होता. आवाज नाही, रडणं नाही, नुसते डोळे मोठे. मी हिसकावून घेतला, हातावर पालथा घातला, पाठीवर थापट्या मारल्या. शीत पडलं. मग रडला. छोडदा, तेवढं रडणं ऐकायला मी किती वेळ थांबले होते ते मला सांगता येणार नाही. आणि जेठीमा काय म्हणाल्या माहीत आहे? बघ, गिळायला लागलाय. पदराला बोट पुसलं आणि आचाऱ्याशी बोलायला गेल्या, भेटकी मासळी तळायची की पानात गुंडाळून पातुरी करायची. संध्याकाळपर्यंत गोष्ट अशी झाली होती की पोराला ठसका लागला आणि बउमानं तमाशा केला. प्रसून ऐकत होता. रात्री हळूच मला म्हणाला, नुसतं ओठाला लावायचंय, छोडदा सांभाळून घेईल. त्याच्या बाजूला निजायचीसुद्धा शिसारी आली मला.

छोडदा सांभाळून घेईल. या घरात सगळे तुझ्याबद्दल हेच म्हणतात, कारण तू कधी उलट बोलला नाहीस. लग्नात आपण पाठवलेल्या रुई माशाला यांनी वास येतो म्हटलं, तेव्हाही तू हात जोडून हसत उभा होतास. तू धोतर घेतलंस, चांदीची वाटी घेतलीस, वहिनी, आपली बौदी, म्हणत होती की आरशासमोर घास भरवायचा सराव करतोस. म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता. आधी वाटलं, येऊच नकोस म्हणून कळवावं. पण तू आला नाहीस तर कुणा मावसभावाला मामा म्हणून बसवतील, आणि तो चमचाभर खीर कोंबून फोटोला तोंड वळवेल. तेव्हा तू ये. एरवी मुलीच्या माहेरचा माणूस इथे दाराशी उभा असतो, पण त्या दिवशी आसन तुझं, पोर तुझ्या मांडीवर, आणि पहिल्या घासापुरता या घरात तुझ्यापेक्षा मोठा कुणी नाही. शंख वाजला, बायकांनी उलूचा मंगलध्वनी काढला, की वाटी उचल, तातानच्या कपाळाला लाव, आणि ती पायेश सगळ्यांच्या देखत तू खा. शेवटचं शीतसुद्धा ठेवू नकोस. सांग की भाच्याच्या वाटणीचं मामानं खाल्लं, विधी झाला. ओरडतील, माहेरच्यांचे संस्कार काढतील, कदाचित तुला पानावरही बसू देणार नाहीत. उपाशी जावं लागलं तर जा. मी त्याला तुझ्या मांडीवरून उचलून आत नेईन आणि चमच्यानं दूध पाजायला बसेन.

तुझीच,
बुलू