फुकट बोला, वाटेल तितकं बोला

१ जून
भाच्याने इंटरनेटवरून फोन करायची कंपनी काढली आहे. मार्केटिंग माझ्याकडे. ताई, म्हणजे त्याची आई, म्हणाली, त्याला दुसरं कोण परवडणार? असूया, दुसरं काय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात गेली माझी. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी वक्तृत्वाचा कप दिला होता. महिनाअखेर दहा गिऱ्हाइकं झाली नाहीत, तर भाचा कंपनी गुंडाळून नोकरी धरणार. दहा? वीस आणीन. घोषवाक्य तयार: ‘फुकट बोला, वाटेल तितकं बोला!’

४ जून
शेजारीण नको म्हणाली. फोन फुकट झाल्यावर ‘ठेवते हं आत्या, बिल चढतंय’ असं कोणत्या तोंडाने सांगू, म्हणे. हिला मुद्दाच कळला नाही.

७ जून, दुपार
दातांच्या डॉक्टरांना फोनवर सगळे फायदे समजावले. मध्ये एक शब्द बोलले नाहीत. भारावले असावेत. शेवटी म्हणाले, बाई, पेशंट केव्हाचा आ वासून बसलाय.

११ जून
पहिलं गिऱ्हाईक: ताई! भाच्याने गळ घातली म्हणे. छे, माझंच यश. इतकी वर्षं लगेच म्हणायची, ठेव गं, तुला बिल येईल. किती जपायची! आता ती काळजी मिटली. दुपारभर बोललो. म्हणजे मी. होस्टेलचा पियानो, निळ्या रिबिनी, उशीखालची टॉफी अर्धी अर्धी खायचो ते.

१३ जून
ताईची लाइन खराब. मी पियानोच्या आठवणीपाशी आले की तिला ऐकू येईनासं होतं. भाचा म्हणाला, मावशी, लाइन ठणठणीत आहे. पोरगा अजून कच्चा.

१९ जून
सुचलं! लोकांना फुकट बोलणं नकोय, सुटायला निमित्त हवंय. बटण दाबलं की खरखर, आणि फोन बंद. खरखर मीच रेकॉर्ड केली, टॉफीचा कागद माइकपाशी चुरगाळून. भाचा नाचलाच.

२४ जून
बटण सगळ्या गिऱ्हाइकांना सुरू. शेजारणीने तिथल्या तिथे कनेक्शन घेतलं. डॉक्टरांनी दोन.

२९ जून
अकरा झाली! कंपनी वाचली. गडबडीत ताईला फोन राहिलाच होता. पहिली बातमी तिला. शाबास गं, म्हणाली. डोळे भरून आले. मग सहज पियानोवर आले, तोच खरखर.
लाइन मात्र उत्तम. टॉफीचा कागद स्पष्ट ओळखू आला.