चेहरा घ्या, अक्षरं पुसा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा (म्हणजे माझाच; तुला दुसरा नाही) लांबूनच नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला असेलच. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून 'याचं काही तरी काम अडलंय' असं म्हणशील. म्हण. तुझा स्वभावच संशयी. मी केवळ मन मोकळं करायला लिहितोय, कारण माझ्या संतापाला आता घरात कोणी वाली उरलेला नाही.

झालं असं, की निवृत्तीनंतर घरात लुडबुड नको म्हणून (हे तुझ्या भावजयीचे शब्द) मी एका प्रकाशकाचं काम घेतलं. जुन्या नाटकांच्या पोस्टरांचं पुस्तक निघतंय. चाळीस पोस्टरं. प्रत्येक कोणी काढलं, हक्क कोणाकडे, ते शोधायचं आणि सगळ्या वारसांच्या सह्या आणायच्या. एकानं जरी नाही म्हटलं, तर ते पोस्टर बाद. प्रकाशक म्हणाला, आठ दिवसांचं काम आहे. त्या गृहस्थाला नातेवाईक नसावेत. आज अकरावा महिना चालू आहे, एकोणचाळीस मार्गी लागली आणि नेमकं मुखपृष्ठाचं अडलंय. महिनाअखेरीस पुस्तक छापायला जाणार. तोवर सुटलं नाही, तर मुखपृष्ठावर नुसता लाल पडदा छापतील.

पहिल्याच पोस्टरानं माझा घाम काढला. तुला आठवत असेल, तेव्हा पोस्टर एकटा माणूस काढत नसे. मुख्य चित्रकार चेहरा काढी, दुसरा कपडे नि हात, तिसरा फक्त अक्षरं. (आपले बाबा सगळं एकहाती करत, म्हणून तर त्यांची पोस्टरं नाटक बंद पडल्यावर तयार व्हायची.) चेहरेवाल्याच्या मुलीनं लगेच सही दिली, वर सरबत पाजलं. अक्षरवाल्याचा मुलगा मात्र दारातच आडवा आला. पोस्टरावर चेहरेवाल्याचं नाव आणि आमच्या वडिलांचं का नाही, म्हणे! चाळीस वर्षांपूर्वीच्या अन्यायाचा जाब मला! शेवटी म्हणाला, "चेहरा घ्या, अक्षरं पुसा." अगं, अक्षरं पुसली तर ते पोस्टर कसलं? त्यावरच्या दाढीवाल्या नटाचा ओळखपत्राचा फोटो होईल तो. चार खेपा फुकट गेल्या. पाचव्या खेपेला मी त्याच्या वडिलांच्या जोडाक्षरांची तोंडभरून स्तुती केली, तेव्हा स्वारी विरघळली.

मग छापखानेवाला. ज्या दगडावर चित्र उतरवून पोस्टर छापलं तो दगड आमचा, म्हणून चित्रही आमचंच, असा त्याचा हेका. दगड दाखवा म्हटलं, तर मला थेट न्हाणीघरात नेलं. त्यावर कपडे धुतात! नायिकेचे नाकडोळे साबणाबरोबर कधीच वाहून गेले, पण मालकी शाबूत.

आणि कळस म्हणजे आणखी एका चित्रकाराचे दोन मुलगे, सख्खे भाऊ. एकाच जिन्यावर राहतात आणि वडिलांच्या एका चित्रावरून बारा वर्षं अबोला. मी दोघांना समोरासमोर बसवून झाडलं. म्हटलं, चित्र कोणाचं यावरून भांडता आणि काढलं कोणी हेच विसरता, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा! ते त्यांना एवढं लागलं, की दोघांनी एकाच पेनानं सह्या केल्या. निघताना धाकट्यानं विचारलं, "तुम्हाला भावंडं आहेत का हो?" मी म्हटलं, मला उशीर होतोय.

आता मुखपृष्ठ. प्रकाशकानं एका जुन्या फोटोत मागे भिंतीला टेकवलेलं पोस्टर पाहिलं आणि हेच हवं म्हणून हट्ट धरून बसला. कंदील धरलेली बाई. आपल्या बाबांचं! ते कधी छापलंच गेलं नाही, मूळ चित्र एकच, तुझ्या बैठकीच्या खोलीत. आणि तेही चौकटीत बसावं म्हणून बाबांच्या सहीसकट कोपरा कापलेलं! त्यावरून मी तेव्हा तुला जे बोललो, त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. आता प्रकाशक विचारतो, सही नाही, मग चित्र तुमच्या वडिलांचं कशावरून? अकरा महिने मी जगाकडे पुरावे मागत फिरलो आणि आज मलाच पुरावा मागतात!

असो. भावोजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. सोबत संमतीचा कागद आहे. तू थोरली, म्हणून वरची रेघ तुझ्या सहीसाठी सोडली आहे.

आणखी एक ता. क. तो कापलेला कोपरा माझ्याकडे आहे. त्या दिवशी भांडून निघताना तुझ्या कचऱ्याच्या डब्यातून उचलला होता. सहा वर्षं दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलाय. पोस्टानं पाठवायचा धीर होत नाही. रविवारी घेऊन येतो, चौकटीमागचे खिळे काढून ठेव. (येतोय म्हणजे भांडण मिटलं असं समजू नकोस.)

शेवटचा ता. क. काल तो तुकडा बाहेर काढून नीट पाहिला. आपल्याला नुसती रिकामी कड कापायची होती, पण काप सहीपाशी येऊन एकदम आत वळलाय. सुरी तुझ्या हातात होती, ताई, पण पट्टी मी धरली होती. ती सरकली. हे तुला तेव्हाही ठाऊक होतं, आणि मी एवढा थयथयाट केला तरी तू चकार शब्द काढला नाहीस.