सीडीतल्या बाई

२ मे २००४, जुन्नर

हो म्हणून टाकलं हस्तीमलशेठना. नववीची भूमिती, अख्खं पुस्तक, माझ्या आवाजात — सीडीवर!

शेठ किती वर्षं तरी गाईडं छापतायत, विकतायत. आता पुण्याहून सीड्या यायला लागल्या आणि यांची गाईडं दुकानात तशीच पडून. परवा म्हणाले, ‘बाई, पोरं आता वाचत न्हाईत, बघत्यात. आपुन बी दाखवू.’ मीच का, विचारलं. पुण्यात आवाजवाले काय कमी आहेत? तर म्हणाले, ‘मढला पुस्तकं द्यायला आलो व्हतो. तुमच्या वर्गाभाईर उभाच राहिलो. तास संपला तवा ध्यानात आलं, टेम्पो चालूच ठिवलाय.’

खोटं कशाला लिहू, मला नवल वाटलं नाही. भूमिती या तालुक्यात माझ्यासारखी कोणी शिकवत नाही. बाहेर बोलून दाखवत नाही, इथे लिहायला काय जातंय.

आणि यात माझाही डाव आहे. मढच्या हायस्कूलला चार वर्षं तासिकेवर राबतेय. जूनमध्ये एक कायम जागा भरणार आहेत. संस्थेचे अध्यक्ष चिमाजी आबा यांच्या हातात सीडी ठेवायची, वर ठसठशीत माझं नाव. मग कोण आडवं येतं ते बघते.

५ मे

स्टुडिओ म्हणजे शेठचं गोदाम. चारी भिंतींना छतापर्यंत न खपलेली गाईडं रचलीत. ही आयडिया शेठच्या बंटीची. तो पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलाय. म्हणतो, कागदानं आवाज घुमत नाही. ‘एवढ्या वर्षांत गाईडांचा पयल्यांदाच खरा उपयोग झाला,’ असंही म्हणाला, बापासमोर. शेठ गठ्ठा सरळ करत राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं.

पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. घामानं भिजून गेले, पण दोन धडे झाले. एकदाही अडखळले नाही.

९ मे

भांडण! बंटीनं पहिला धडा ऐकवला. निम्माच झालेला. मी प्रश्न विचारते आणि लगेच मीच उत्तर देते. मधला थांबा गायब!

‘ते डेड एअर हाय बाई, नुसती मोकळी जागा. कापलं.’

डेड म्हणे. वर्गात प्रश्न टाकला की मी थांबते. पुरती थांबते. कोणी खोकतं, कोणी खिडकीबाहेर बघतं, कोणी शेजारच्याला ढोसतं. आणि मग मागच्या बाकावरून दबक्या आवाजात उत्तर येतं. चुकीचं का असेना, येतं. शिकवणं काय ते तेवढ्यातच होतं. बाकी सगळी माझी बडबड, ती गाईडातही छापलेली आहे.

बंटीला म्हटलं, परत घाल, नाहीतर दुसरी बाई बघ. तो बापाकडे बघायला लागला. शेठ म्हणाले, ‘बाई, गिऱ्हाइकाला वाटंल सीडी आडाकली.’

वाटू दे म्हटलं, आणि पिशवी उचलून घरी आले.

१० मे

शेठ स्वतः घरी आले. थांबे परत घालणार. जिंकले!

१३ जून

सीडी आली. कव्हरवर लाल अक्षरात ‘तेजस्विनी बाईंची भूमिती’. फोटोत मी जरा रागीट दिसतेय. दिसू दे. मढसाठी एक प्रत आबांना देऊन आले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाले, ‘नाव काढलं राव शाळेचं.’ काम झालं म्हणायचं!

२१ जून

घोडेगाव, ओतूर, लोणी — तिन्हीकडून सीड्या परत आल्या. ‘मधेच आडाकती.’ बंटीच्या तोंडावर ‘सांगितलं होतं ना’ लिहिलेलं.

मी हार मानते होय? थांब्याच्या वेळी स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ‘आता तू सांग’ एवढं येऊ दे म्हटलं. पाठोपाठ टिकटिक घड्याळ. बंटीनं एका दुपारात केलं, मढची प्रतही बदलून दिली. वर हेही म्हणाला, ‘बाई, तुमी आमच्या लाइनीत पायजे व्हता.’

२८ जून

आबांनी बोलावलं. नवी साडी नेसून गेले. मूर्ख मी.

‘बाई, जागा विज्ञानाला देतोय. गोरख सर येत्यात.’

आणि गणित?

‘गणिताला तुमी हायेत की! त्या कॉम्प्युटरमदी. पोरं बसत्यात गपगुमान. लाइट असली म्हंजी झालं.’

हे ते चेष्टेनं बोलले नाहीत. मनापासून बोलले, चहा पाजला, बिस्किटं पुढं केली. आणि तासिका? ‘आता कशाला तुमाला रोज यष्टीचा तरास?’ असा संताप आला होता! माझ्याच आवाजानं मला शाळेबाहेर काढलं. त्या सीडीसाठी मी गोदामात घाम गाळला, भांडले, पिशवी उचलून निघून आले.

२९ जून

डोकं अजून तापलेलंच.

४ जुलै

शेठनी विचारलं, दहावीपण करता का? पूर्ण वेळ या, म्हणाले. मढला जे झालं ते त्यांच्या कानावर गेलंय, पण अवाक्षर काढलं नाही. भला माणूस. हो म्हटलं.

आणि नीट विचार केला तर रडण्यासारखं आहे काय? मढला एक वर्ग होता. आता आहुप्याच्या डोंगरापासून लोणीपर्यंत पोरं मला ऐकतायत. माझा तास जसाच्या तसा पोचतोय, थांब्यासकट. गेली जागा तर गेली.

१७ ऑगस्ट

अनुभवाचा दाखला आणायला मढला गेले होते. कारकून जागेवर नव्हता म्हणून नववीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. वर्गात शिक्षक कोणी नाही. कॉम्प्युटर चालू. माझा आवाज — जरा बारीकच आहे की!

‘त्रिकोणाचा एक कोन सत्तर, दुसरा साठ. तिसरा किती?’ स्क्रीनवर ‘आता तू सांग’. मी दाराला टेकून थांबले, सीडीतली मीही थांबले. आणि समृद्धी उठली. गेल्या वर्षी आठवीत मी हिला शिकवलंय. वर्षभरात दोनदा बोलली असेल. खणखणीत आवाजात म्हणाली, ‘एकशे तीस!’

बेरीज केली आणि एकशे ऐंशीतून वजाबाकी विसरली. नेहमीची चूक. आता मी हे बोलणार, एवढ्यात सीडीतली मी म्हणाले, ‘शाब्बास!’

पुढे खरं उत्तर सांगितलंच होतं, पन्नास. पण ते ऐकतंय कोण? सगळा वर्ग टाळ्या वाजवतोय आणि ती हसत खाली बसतेय.

ते शाब्बास बंटीनं म्हणायला लावलं होतं. ‘बाई, जरा गोड. गिऱ्हाईक हाय ते.’ मी एकदाच म्हटलं होतं, तेही त्याची कटकट नको म्हणून. पठ्ठ्यानं ते उचलून प्रत्येक थांब्यानंतर चिकटवलं. मी धडे बघितले, थांबे बघितले, हे बघितलंच नाही. मी वर्गात शाब्बास वाटत फिरत नाही. बरोबर असलं तर बरोबर म्हणते, चुकलं तर चूक. एवढा हट्ट करून थांबा मिळवला आणि त्याच्या टोकाला हे!

दाखला न घेताच परत आले.

१८ ऑगस्ट

बंटीला फैलावर घेतलं. नव्या प्रती सोमवारी निघायच्यात, त्यात एकही शाब्बास दिसता कामा नये. ‘एका फटक्यात उडवतो बाई,’ म्हणाला. शेठनाही पटलं. चुकीच्या उत्तराला शाबासकी देणारी बाई मी नाही, आणि माझ्या नावावर ती विकलीही जाणार नाही.

२२ ऑगस्ट

बाजारात समृद्धी भेटली, आईबरोबर भेंडी विकायला बसलेली. भूमिती कशी चाललीय विचारलं.

‘लई आवडाय लागली, बाई. सीडीतल्या बाई रोज शाब्बास म्हणत्यात. तुमी वर्षभर येकदा बी न्हाई म्हणला.’

कुरकुर नव्हती त्यात. सरळ सांगत होती.

मी तिथल्या तिथे विचारलं, चाळीस आणि पासष्ट, तिसरा? ‘एकशे पाच.’ मी नाही म्हणून मान हलवली. गेल्या वर्षी एवढ्यावर ती मटकन खाली बसायची आणि पुढं कितीतरी दिवस मान वर करायची नाही. आज हसली. ‘ऱ्हावा की बाई, परत करते.’ आईनं भेंडी तोलायला हाक मारली तरी उठली नाही. बोटांवर मोजत होती.

‘पंच्याहत्तर.’

तशीच बंटीकडे गेले. उद्या एकही शाब्बास कापू नको म्हटलं. का, म्हणून विचारत होता. म्हटलं, चाळीस आणि पासष्ट, तिसरा किती? आता तू सांग.