आपत्काळात जमण्याची जागा

स्कोप्ये, मिरच्यांचा हंगाम संपता संपता

आदरणीय आणि लाडक्या सेबाहत आत्यास,

तुझ्या धाकट्या भाचीचा, एल्माझाचा मनापासून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? ड्युसेलडॉर्फच्या त्या रुग्णालयातल्या धुलाईखान्यात अजून उभ्यानेच काम करायला लावतात, की एखादं स्टूल मिळालं? (मिळालं नसेल तर कळव, मी त्यांना पत्र लिहीन. पदवी मिळाल्यापासून मी सगळ्यांनाच पत्रं लिहिते. पोरीच्या हाताला खाज सुटली आहे, असं बाबा म्हणतात.) इकडे सगळे खुशाल. बाबांचा खोकला पाहुण्यासारखा येतो-जातो. आईचा बाजारातला मोज्यांचा गाळा बरा चालला आहे. जुलैत तू आली होतीस तेव्हा जेवताना सगळ्यांना इतकं हसवलंस, की बाबा अजून तुझी नक्कल करून दाखवतात. मी त्या वेळी आत भांडी विसळत होते, त्यामुळे माझा तो विनोद हुकला. त्याबद्दल पुढे लिहीन.

तुझ्या भाचीने विद्यापीठाला आग लावली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. (आपल्या वस्तीतली बातमी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला जाण्याआधी जर्मनीत पोचते.) तर आग लागलेली नाही. धूर झाला, आणि तोही चांगल्या वासाचा होता. विद्यापीठाची नवी इमारत उभी आहे ती वस्तीला लागून असलेल्या त्या अक्रोडाच्या जागेवर. तू लहानपणी तिथेच चुलाणापाशी बसून मिरच्या सोलायचीस. मग इमारत आली, कुंपण आलं, फाटक आलं, फाटकावर पहाऱ्याला ब्लागोया काका आले आणि मिरच्या भाजून, सोलून, आटवून वर्षाचा आयवर घालायला बायका फुटपाथवर गेल्या. यंदा तर नगरपालिकेने फुटपाथवर चुलाण मांडायलाच बंदी केली. भाजलेल्या मिरच्यांचा वास आला नाही तर या शहराला शरद ऋतू आला हे कळायचं कसं, याचा विचार नगरपालिकेने केलेला दिसत नाही.

याच इमारतीत मला नोकरी मिळाली आहे, वर्षभराच्या करारावर, ‘शेजार विभागात’. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक कुंडी. आमचं मुख्य काम संध्याकाळचा वर्ग. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांनी तिथे बसून ती पुरी करायची, आणि मन झालं तर पुढे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यायची. आत्या, तुझ्यापासून काय लपवू, ही नोकरी मी आईसाठी धरली. चौथीत तिची शाळा सुटली ती सुटलीच. पण वर्गात ना आई आली, ना शेजारच्या बायका. बाकं चकचकीत, फळा चकचकीत, आणि मी रोज सहा वाजता दाराकडे बघत बसलेली. त्यात वर्ग ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला बाहेरची समिती येणार असं कळलं. मी घाबरले आणि शिकलेली माणसं घाबरल्यावर करतात ते केलं. फलक लावला. चांगला मोठा, कापडी, वस्तीत बोलतात त्या चारही भाषांत, ‘आत या. हे आवार तुमचं आहे.’ डीनसाहेबांना तो इतका आवडला की त्यांनी त्याच्यापुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

समिती शनिवारी आली. वर चौथ्या मजल्यावर डीनसाहेब ‘दारं उघडी ठेवणारं विद्यापीठ’ या विषयावर बोलत होते. (खिडक्या बंद होत्या. वारा आला की त्यांचे कागद उडतात.) त्याच वेळी खाली फाटकाशी आपली आई, दोब्रिला आजी आणि बेकरीवाली श्प्रेसा, मागे निम्मी गल्ली, पोत्यांत मिरच्या, ढकलगाडीवर चुलाणं. ब्लागोया काकांनी विचारलं, “कुठे निघालात?” आईने मान वर करून फलकाकडे बोट केलं. “तुम्हाला वाचता येतं ना?” काकांनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला, म्हणाले, “लिहिलंय तर खरं.” आणि फाटकाची दोन्ही कवाडं उघडली, कारण एकातून काहील जात नव्हती.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. धूर निघाला, भिंतीच्या कडेकडेने वर चढला, जिन्यात शिरला आणि इमारतीची धोक्याची घंटा वाजली. घंटा वाजली की सगळ्यांनी शिस्तीत खाली उतरून ठरलेल्या ठिकाणी जमायचं असा नियम आहे. तशी हिरवी पाटीही आहे, ‘आपत्काळात जमण्याची जागा’. ही पाटी आवारात उरलेल्या त्या जुन्या अक्रोडाच्या बुंध्याला ठोकलेली आहे, आणि बुंध्याला टेकून आई चुलाण फुंकत होती. त्यामुळे विद्यापीठ आगीपासून पळालं ते शिस्तीत थेट आगीपाशी येऊन उभं राहिलं. डीनसाहेब, समिती, विद्यार्थी, सगळे. डीनसाहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी कुठल्याही पत्रात लिहू शकणार नाही.

त्यांनी चुली विझवायला सांगितल्या. पण भाजलेल्या मिरच्या गरम असतानाच सोलाव्या लागतात, हे त्यांच्या आईनेही त्यांना कधीतरी सांगितलं असणार, कारण ते दुसऱ्यांदा बोलले नाहीत. आमच्याकडे अल्बेनियन भाषेच्या वर्गाची मुलं एका जिन्याने जातात आणि मॅसेडोनियन भाषेच्या वर्गाची दुसऱ्या. तीन वर्षं एकाच इमारतीत शिकून त्यांना एकमेकांची नावं माहीत नव्हती. श्प्रेसाने समोर दिसेल त्याच्या हातात सोलायला मिरची दिली. (एकोप्यावर मी अख्खा प्रबंध लिहिला आहे. त्यात मिरचीचा उल्लेख नाही.) फार भारावून जाऊ नकोस, आत्या. थोड्याच वेळात आयवरमध्ये वांगं घालायचं की नाही यावरून अशी जुंपली की दोन जिने परवडले. दोब्रिला आजी म्हणाली, “वांगं घातलं की तो आयवर नाही, चिखल.” श्प्रेसा म्हणाली, “आजी, हाच चिखल गेल्या वर्षी आमच्या बरणीतून चाटूनपुसून संपवलात की!” दरम्यान आईने सांख्यिकीच्या प्राध्यापकांच्या हातात लाकडी डाव देऊन त्यांना काहिलीपाशी उभं केलं होतं. एकदा ढवळायला घेतलं की थांबता येत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

समितीच्या अध्यक्षबाई स्लोव्हेनियाच्या, उंच, करड्या केसांच्या. त्यांना आपली बोली कळते. मला वाटलं हीच वेळ. मी चढ्या आवाजात सुरुवात केली की विद्यापीठ हे शहराच्या मधोमध बांधलेलं बेट नसावं. दोब्रिला आजी म्हणाली, “पोरी, जरा बाजूला हो, वारा अडतोय, चूल विझेल.” मी बाजूला झाले.

बाईंनी पावावर आयवर घेऊन खाल्ला. त्या विरघळतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, मीठ कमी आहे. मग बायकांना सरळ विचारलं, “चुली घेऊन आत आलात. मग वर्गात का येत नाही?” आत्या, मी इतके महिने भाषणं केली, पत्रकं वाटली, फलक लावला. हा प्रश्न काही माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. उत्तरं तयारच होती. दोब्रिला आजी म्हणाली, सहाला वर्ग ठेवता, सहाला आमच्या घरी माणसं जेवायला येतात, त्यांना काय फळा वाढू? श्प्रेसा म्हणाली, वर्ग चौथ्या मजल्यावर, लिफ्टला कार्ड लागतं, कार्ड विद्यार्थ्याला मिळतं, आणि विद्यार्थी व्हायचं तर आधी चौथ्या मजल्यावर जायचं.

आई मिरच्या सोलत राहिली. बाईंनी तिला वेगळं विचारलं. ती खाली बघून म्हणाली, “यायचंय मला. पण माणसं हसतात. परकी हसली तर मी ढुंकून बघत नाही. घरची हसतात.” आणि लगेच प्राध्यापकांवर खेकसली, “ढवळा हो, खाली लागतंय!”

तर निकाल असा. वर्ग आता तळमजल्यावर, रात्रीची जेवणं झाल्यावर. वसंतापर्यंत मुदत आहे, तोवर बाकं भरली नाहीत तर कुलूप. वस्तीतल्या बायकांचं म्हणणं, रमीझा जाईल तर आम्ही जाऊ. रमीझा म्हणजे आपली आई, आणि ती म्हणते, बघू. (डीनसाहेबांनी समितीला सांगितलं की मिरच्यांचा कार्यक्रम विद्यापीठानेच आखला होता. नव्या माहितीपत्रकात तो ‘दरवर्षीप्रमाणे’ छापला आहे.)

गुडघ्यांना जप. सर्वांचे सलाम.

तुझीच,
एल्माझा

ता. क. बसवाल्याबरोबर दोन बरण्या पाठवते आहे, एक वांग्याची, एक बिनवांग्याची. कुठली आवडली ते कुणालाही सांगू नकोस, इथे दंगल होईल.

ता. क. २. जुलैतला तुझा विनोद मला बाबांच्या नकलेतून कळला. “वहिनी आता दप्तर पाठीला लावणार, आणि मधल्या सुट्टीत दातांची कवळी धुणार!” विनोद चांगला आहे, आत्या. बाबा करतात तेव्हा मलाही हसू येतं. आई उठून गॅस बारीक करायला जाते. गॅस आधीच बारीक असतो.

ता. क. ३. पत्र यासाठीच लिहिलं. रविवारी फोन कर. माफी मागू नकोस, नणंदेने माफी मागितली तर आई घाबरून आजारी पडेल. ठरल्यासारखंच विचार, की वर्गात कुणाच्या शेजारी बसणार, दोब्रिला आजीच्या की श्प्रेसाच्या. ती म्हणेल, “वन्सं, काहीतरीच तुमचं.” तू फोन ठेवू नकोस. मोज्यांच्या खोक्यात अगदी तळाशी तिने एक नवा चष्मा ठेवला आहे. मोजे विकायला चष्मा लागत नाही. पण हे तुला माहीत नाही, आणि मलाही नाही.