शरिफाखालांचा चमचा

बेंबळी, ४ ऑगस्ट २०२५

ती. कमलआत्यास, राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर ओरडते! आमचं मंडळ अंथरुणाला खिळलेल्यांना दुपारी जेवू घालतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेजारच्या शरिफाखालांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. सून शेतात गेली की मंडळातली करिश्मा त्यांना भरवते. आल्या आल्या ती विचारायची, खाला, आज कुणाच्या लग्नाला नटलात? खाला हसायच्या आणि वाटी रिकामी व्हायची.

पोलीस भरतीत करिश्मा अर्ध्या गुणानं हुकली. अजूनही वेळेवर येते, सगळं नीट करते, पण गप्प. खाला तोंडच उघडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी करिश्माला सेवेवर भाषण दिलं. तिनं नुसती मान डोलावली. दुसरी मुलगी पाठवली, तिच्याकडं खालांनी पाहिलंही नाही. काय करू?

तुमच्या दोन ओळींची वाट बघते.

तुमची राजी

ईट, ९ ऑगस्ट

चि. राजीस अनेक आशीर्वाद.

भाषण दिलंस व्हय! घरातली पहिली पदवीधर, देणारच. पण ती पोरगी स्वतः जेवती का, हे कुणी विचारलं? इथं बसून लिहिणं मला सोपं हाय, तरी विचारून बघ.

पत्र टाकत जा. पोस्टमन दारात थांबला की गल्लीला कळतं, माझंबी कुणी हाय.

तुझी आत्या

बेंबळी, १८ ऑगस्ट

ती. आत्यास, शि. सा. न.

खालांच्या बाजेशी बसूनच विचारलं. करिश्मा म्हणाली, निकालापासून घास उतरत नाही. खालांनी ते ऐकलं. डाव्या हातानं चमचा उचलून थरथरत तिच्या तोंडाशी नेला. अर्धी खिचडी ओढणीवर सांडली. करिश्मा रडत रडत जेवली, मग खालाही जेवल्या. त्यानंतर रोज वाटी रिकामी होत होती. मला वाटलं, जमलं.

परवा तिच्या वडिलांनी करिश्माला पुण्याला कंपनीत कामाला पाठवलं. थांब म्हणायला मी कोण? आमच्याकडं पगार नाही.

आता मीच जाते. काल दारातूनच नटण्याची चेष्टा केली, अगदी तिच्यासारखी. खालांनी माझ्यामागं दाराकडं पाहिलं. मग चमचा भरला आणि दाराच्या दिशेनं धरून बसल्या. तो खाली घेणं मला जमलं नाही.

माया असू द्या, आत्या. सध्या माझ्याजवळची कमी पडते आहे.

तुमची राजी