लालबागची चौपट वस्ती

ठाणे,
३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादास,

हितूचा साष्टांग नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून टपाल. पोस्टमनवर तरी राग काढू नकोस. नानांचे गुडघे कसे आहेत? वहिनीला नमस्कार, मायाला एक टपली.

आधी माझी फजिती ऐक. आमच्या आकडेवारीच्या ऑफिसात नवं काम निघालंय. कुठल्या गल्लीत किती माणसं राहतात, हे दारोदार न फिरता काढायचं. त्यासाठी रेशनकार्डांच्या नोंदी, घरगुती विजेचा वापर आणि मोबाइल कंपनीचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे. नावं-नंबर कंपनी आधीच काढून टाकते, आमच्या हाती नुसती गल्लीची बेरीज येते. नियम साधा, पहाटे दोन ते पाच फोन जिथे, तिथे त्या माणसाचं घर. नमुन्याला एक आठवडा हवा होता. "मी लालबागचाच," असं छाती फुगवून सांगत तो मीच निवडला, गेल्या सप्टेंबरचा दुसरा.

निकाल आला. लालबागची वस्ती रेशनकार्डांच्या चौपट! विजेचा वापर मात्र नेहमीच्या निम्म्याहून खाली. मी मुळीच डगमगलो नाही. चांगलं दोन पानी टिपण लिहिलं, की खोल्याखोल्यांत भाडेकरू कोंबलेले असावेत आणि वीज चोरीची असावी. आपल्याच चाळीला चोर ठरवलं रे मी!

बैठकीत अक्षता मॅडमनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, ते मोठ्याने वाचलं. मागून अनुजा फिसकन हसली. ती नवीन लागलीय, आपल्या लालबागशेजारच्या भोईवाड्याची आहे.

"सर, तेव्हा गणपती होते! ते सगळे फोन दर्शनाच्या रांगेत उभे होते. आणि चाळवाले गेलेले कोकणात."

मॅडमना हसून हसून ठसका लागला. आता आम्ही फेब्रुवारीतला आठवडा घेतलाय, आकडे बऱ्यापैकी जुळतायत. नोकरी शाबूत आहे. पण मी दिसलो की शिपाईसुद्धा विचारतो, "साहेब, रांग कुठवर आली?"

नंतर चहा घेताना अनुजा म्हणाली, "तुम्ही नाही का जात गावाला, गणपतीत?"

"जातो की," म्हणालो. धडधडीत खोटं बोललो.

दादा, गणपतीत आपली चाळ ओस पडते हे लालबागचा माणूस कसा विसरेल? मी विसरलो, कारण गेले दोन गणपती मी गावाला आलोच नाही. त्याआधीच्या, म्हणजे २०२२ च्या गणपतीत गावच्या घरी आरती चालू होती आणि मी ऑफिसशी फोनवर बोलत होतो. तू म्हणालास, "फोन बंद कर, नायतर भायर जा." मी म्हणालो, "तुमचा गणपती तुम्हालाच लखलाभ." पिशवी उचलून निघालो. नाना मागून हाका मारत होते, मी वळून पाहिलं नाही. चूक माझी होती. एवढं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. तुमची फार आठवण येते.

चाळीची एसटी यंदाही तूच ठरवली असशील, आणि सीटांची यादीही तूच करत असशील. त्यात माझं नाव घाल. मागचं, आदळणारं बाकडं दिलंस तरी चालेल. नाही घातलंस तरी मी गावाला येणारच. अंगणात उभा राहून आरती म्हणेन. घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तू 'आत ये' म्हणायची वाट बघणारा,
तुझा धाकटा
हितू