भिंतीपलीकडचं धुराडं

देरा, दुबई
२० ऑक्टोबर १९६४

नूरजहाँ आपा यांस शहरबानूचा सलाम.

तुमचं पत्र पोचलं. हर्णैला भातकापणी सुरू झाली असेल. इथे उकाडा जरा उतरलाय. मी बरी आहे. शहनाझला थोडा खोकला आहे.

आजवरची पत्रं तुमच्या भावाच्या हातची असायची. हे मी स्वतः लिहितेय. फळीवर अंथरलेल्या रद्दीतून अक्षरं लावत लावत शिकले, तेव्हा चुका पोटात घाला. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं हे पत्र नाही.

तुम्ही लिहिलंत की, शेजाऱ्यांच्या धुराने माझ्या भावाचा जीव घेतला, मी दर नमाजात त्यांना बद्दुआ देते. ती ओळ मी चार वेळा वाचली.

आमची इथली घरं एका रांगेत, मधली भिंत एकच. शेजारच्या हारुनभाईंच्या बायकोचे, कुलसुमचे, डोळे अंगणातल्या चुलीने लाल झालेले असायचे. म्हणून त्यांनी उन्हाळ्याआधी आत नवी चूल घातली आणि धुराडं आमच्या भिंतीला लागून वर काढलं. आमच्या छपरावर वारा धरणारा बुरूज आहे, इथे त्याला बारजील म्हणतात. वरचा वारा त्यातून सरळ खोलीत उतरतो. धुराडं त्याच्याहून बुटकं राहिलं. त्यामुळे त्यांचा धूर बारजीलमध्ये शिरायचा आणि आमच्या खोलीत उतरायचा. बारजीलच्या तोंडाला गोणपाट बांधलं की धूर थांबे, पण वाराही थांबे. जूनच्या उकाड्यात, दमेकरी माणूस. आपा, मी दिवसातून दहादा गोणपाट बांधायची आणि सोडायची.

एकदा तुमचे भाऊ चिडून भिंतीशी उभे राहिले. "हारुनभाई, बांधण्याआधी एका शब्दाने विचारायचं तरी होतं!"

 पलीकडून कुलसुमच म्हणाली, "चुकलं, भाईजान. विचारायला हवं होतं."

मी तिथेच चहाचा कप घेऊन उभी होते.

तिने विचारलं होतं, आपा. मला विचारलं होतं. "बानू, धुराडं तुमच्या बाजूने चढवू का? पलीकडे आमची माडी आडवी येते." मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "हो गं, त्यात काय विचारायचं!" ते दुकानातून आल्यावर सांगायचं राहून गेलं. पुढे त्यांना राग आला की दम लागायचा, म्हणून सांगितलं नाही, असं मी मनाला समजावते. ते खरं नाही. मला लाज वाटली. ऑगस्टच्या दोन तारखेला ते गेले, कुलसुमवर रागावूनच गेले.

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, तुम्ही जाणता. तिन्ही दिवस जेवण कुलसुमकडून आलं, त्याच चुलीवरचं. मी जेवले.

चौथ्या दिवशी हारुनभाईंचा निरोप आला की धुराडं पाडतो. पण गवंड्यांना आमच्या छपरावर उभं राहावं लागणार, आणि मी इद्दतीत, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मी म्हटलं, दार लावून आत बसते, येऊ द्या त्यांना. ते म्हणाले, "खलास, हा विषय नको. इद्दतीतल्या बाईच्या छपरावर मी परके पुरुष चढवणार नाही. लोक काय म्हणतील?" इद्दत सरायला अजून एकोणपन्नास दिवस. आठ माणसांचं घर, ते तरी चूल किती बंद ठेवणार? आणि मी तर हा उंबरा ओलांडू शकत नाही.

कुलसुम म्हणते, तोवर पोरीला आमच्याकडे राहू दे, आमच्या खोलीत धूर येत नाही. शहनाझ जात नाही. आठ वर्षांची पोर मला ऐकवते, "त्यांनी अब्बांना विचारलं नव्हतं. मी त्यांच्या घरी पाणीही पिणार नाही." मग खोकत बसते. छातीत तीच शिट्टी वाजते. तुमच्या भावाची वाजायची, तीच. खरं सांगायला मी तिला जवळ बसवते, आणि तिची वेणी घालून उठते.

म्हणून मूळ गोष्ट आता लिहिते. खैरुद्दीनचाचांची बायको पंधरा नोव्हेंबरच्या बोटीने मुंबईला निघतेय. शहनाझला तिच्यासोबत तुमच्याकडे पाठवू का? पोर अंगाने लहान आहे, खाण्याची कटकट नाही. झोपताना कपाळावर हात लागतो तिला. परत कधी बोलावेन ते आज सांगता येत नाही. तिला खरं काय ते तुम्ही सांगितलंत तरी चालेल. माझ्याच्याने होत नाही.

हे आधी लपवून पोर तुमच्या पदरात घातली असती, तर तीही फसवणूकच झाली असती. कुलसुमला बद्दुआ देऊ नका. माझ्यासाठी दुआ मागा असं म्हणायचं तोंड मला नाही.

तार करा. एकच शब्द पुरे, हो किंवा नाही. मी न बघता बोलले होते, तुम्ही विचार करून बोला.

तुमच्या भावाच्या घरात बसून असलेली,
शहरबानू